दाराशी थांबलेला सूर

"बघू नकोस, आर्पी. ऐक."

बाबांचा हा आवाज आता कुठेच उरलेला नाही. माझ्या कानात तेवढा आहे. मी नऊ वर्षांची होते, जनरेटरच्या शेडमध्ये उभी होते, आणि बाबांनी मागून येऊन माझे डोळे झाकले होते. त्यांच्या तळव्यांना डिझेलचा वास होता आणि नुकत्याच सोललेल्या संत्र्याचा. "काटा खोटं बोलेल, पोरी, इंजिन नाही बोलणार. काय म्हणतंय ते ऐक. दमलंय? रुसलंय? का भूक लागलीय त्याला?"

केवढा मऊ आवाज होता तो... पिंजलेल्या कापसासारखा.

पुढे त्या इंजिनानेच तो खाल्ला. वीस वर्षं त्याच्या शेजारी बसून बाबांचे कान गेले, आणि ज्याला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही तो ओरडायला लागतो. आता बाबांनी नुसतं "मीठ दे" म्हटलं तरी समोरच्या चर्चवरची कबुतरं उडतात. म्हणून इंजिन माझ्याकडे आलं. बेरूतमधल्या बुर्ज हम्मूदच्या आमच्या गल्लीत सरकारी वीज पाहुणीसारखी येते, दोन तास टेकते, निघून जाते. उरलेला सगळा दिवस चौसष्ट घरांचे दिवे, फ्रीज, लिफ्ट, इस्त्र्या... सगळं माझ्या एका इंजिनावर. बाबा त्याच्या पत्र्यावर तळवा ठेवून कॉफी पीत बसतात. ऐकायचं काम माझं.

नोव्हेंबरातली दुपार होती. पाऊस तिरपा येत होता आणि गल्लीवरच्या वायरींच्या जाळ्यातून वेगळाच, उशिरा, टपटपत होता. शेडच्या दारात एक मुलगा येऊन उभा राहिला. अंगातला कोट त्याने गिटारला घातला होता, बटणं लावून, कॉलर वर करून. स्वतः नुसत्या सदऱ्यात निथळत होता.

"तुमचं इंजिन बेसूर आहे!" तो ओरडला. शेडमध्ये सगळ्यांना ओरडूनच बोलावं लागतं.

"मग? लग्नात वाजवायला नाही ठेवलेलं!"

"तसं नाही हो... आम्ही वर आलोय. जुन्या चपलांच्या कारखान्यात. आमचा बँड आहे. तुमची ही घरघर विजेतून चढते आणि आमच्या स्पीकरमध्ये येऊन बसते."

"बसू दे. भाडं मागतेय का?"

तो हसला. पापण्यांवर पाणी होतं, ते गालावर उतरलं. "बसेना का! पण धड सुरात तरी बसावी. ती ना या पट्टीत, ना त्या पट्टीत. दोन सुरांच्या मध्ये... दाराशी थांबलेल्या माणसासारखी. आत येत नाही, जातही नाही."

"मग दार लावून घ्या."

"थोडी खाली नाही का आणता येणार? केसभर?"

"हे इंजिन आहे. गिटारसारख्या खुंट्या नसतात याला!"

खोटं बोलले मी. होती एक खुंटी. बोटभर लांबीचा पितळी स्क्रू, वेगाचा. पण बाबांचा एकच नियम होता: काटा पन्नास हर्ट्झवर, आणि स्क्रूला हात नाही. चौसष्ट घरं झोपतात त्या काट्याच्या भरवशावर.

"कुठला मजला?" मी विचारलं.

"तिसरा."

"तिसरा मजला, पाच अँपियर." आम्हा जनरेटरवाल्यांना माणसं अशीच पाठ असतात.

"पाचच. त्यात दोन गिटार, एक माईक आणि किटली. किटली लावली की फट्... सगळं बंद. तालार म्हणजे आमची गाणारी, तिला चहा हवा असला की आमचा कार्यक्रम संपतो. बँडचं नावच 'पाच अँपियर' ठेवलंय आम्ही."

"म्हणजे नाव मी दिलं तुम्हाला."

"मग आभार मानायला खाली आलो होतो असं समजा, मालकीणबाई." त्याने स्वतःचं नाव सांगितलं, पण इंजिनाने ते गिळलं. मग त्याने ओल्या बोटाने इंजिनाच्या गरम पत्र्यावर लिहिलं. इयाद. मी वाचेपर्यंत अक्षरं वाळून गेली होती.

त्या रात्री मला झोप आली नाही, असं मी लिहिणार नाही. आली. पण सकाळी पत्र्याकडे नजर गेली खरी.

चार दिवस मी ऐकत राहिले. वर गाणं सुरू व्हायचं, दहा पावलं चालायचं आणि ठेच लागून पडायचं. पुन्हा सुरू. पुन्हा ठेच. तालारचा आवाज छान होता, रानातल्या वाटेसारखा जरा खडबडीत. पण ती चढली की खालून माझ्या इंजिनाची घरघर तिच्या पदरावर पाय द्यायची. मग इयादची एक शिवी, मग शांतता, मग पुन्हा पहिल्यापासून. माझी नुसती तगमग. बाबांनीच लावलेली सवय... चुकीचं ऐकू आलं की मला बसवत नाही.

पाचव्या दिवशी दुपारी बाबा कॉफीनंतर पेंगत होते. मी स्क्रूवर बोट ठेवलं. पाव फेरा... त्याहूनही कमी. पन्नासवरचा काटा एकोणपन्नासवर आला. इंजिनाने एक सुस्कारा सोडला आणि घरघर खाली उतरली, पायरी उतरावी तशी, आणि सुरावर टेकली.

वर सगळं थांबलं.

मग गिटारची एकच तार वाजली. भीत भीत. मग दुसरी. मग ड्रम, मग बेस, मग तालार... आणि जात्याच्या घरघरीवर ओवी बसावी तसं ते गाणं माझ्या इंजिनावर बसलं. शेवटपर्यंत गेलं. पहिल्यांदा.

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून डोकं बाहेर आलं. "मालकीणबाई! इंजिन सुधारलं!"

"थंडीमुळे असेल!" मी वर ओरडले. खोटं क्रमांक दोन.

का नाही सांगितलं? बाबांचा नियम मोडला होता, हे एक. पण खरं कारण निराळं होतं. सांगितलं असतं तर त्याने आभार मानले असते. आभार मानले की माणूस मोकळा होतो. मला त्याला मोकळं करायचं नव्हतं.

आणि एकदा स्क्रू फिरवून भागत नसे. चार वाजता शाळा सुटली की पोरं घरी येत, घरोघरी गरम पाण्याची बटणं दाबली जात, आणि इंजिन ओझ्याने वाकायचं, सूर निसटायला लागायचा. मग मी स्क्रूवर बोट ठेवून उभी राहायची. किंचित वर. किंचित खाली. वर तालारने श्वास घेतला की मीही घ्यायचे. कडवं संपेपर्यंत जागची हलायचे नाही. त्यांच्या अल्बमचं रेकॉर्डिंग संपेपर्यंत, असे ऐंशी दिवस.

बोलणं मात्र टोपलीतून चालायचं. शेडमध्ये ओरडून ओरडून घसा बसतो, म्हणून त्याने गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली सोडायला सुरुवात केली. आमच्या गल्लीत बायका अशीच भाजी वर ओढतात. टोपलीत कधी झातरचा मसाला लावलेली गरम मनकूशे रोटी, कधी दोन संत्री, आणि एक चिठ्ठी.

'आज इंजिनाची तब्येत?'

'चौथ्या मजल्यावरच्या मादाम झाबेलची इस्त्री आटोपली की बरी होईल.'

'खाली आमची गाणी ऐकू येतात?'

'नाही.'

'मग काल दुसऱ्या कडव्याला शेडच्या दारात कोणाचा पाय ताल धरत होता?'

'उंदीर होता.'

'उंदराला सांग, ताल चांगला आहे. डोळेही.'

ती चिठ्ठी मी परत पाठवली नाही. स्पॅनरच्या पेटीत ठेवली, सगळ्यात खाली.

मग घड्याळांची भानगड सुरू झाली.

आमच्या गल्लीत घरोघरी ती लाल आकड्यांची, भिंतीतल्या विजेवर चालणारी जुनी घड्याळं आहेत. ती विजेचे ठोके मोजून वेळ सांगतात. इंजिन हळू, की घड्याळही हळू. हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं... माझ्याही. पहिल्यांदा औषधांच्या दुकानातले क्रिकोरकाका आले.

"आर्पी जान, माझं घड्याळ म्हातारं झालं बघ. रोज वीस मिनिटं मागे पडतंय."

"नवीन घ्या ना, काका."

"मादाम झाबेलचंही मागे. न्हाव्याचंही. रविवारी चर्चला आख्खी गल्ली एकदम उशिरा पोचली! पाद्रीबाबा म्हणाले, संप वगैरे आहे का तुमचा?"

मी तोंड फिरवून डिझेलची नळी पुसायला लागले. सगळं बेरूत एका वेळेवर चाललं होतं आणि आमची गल्ली तिच्या मागे, रमतगमत. रोज सकाळी लोक घड्याळं पुढे करत, आणि रोज रात्रीपर्यंत मी ती मागे ओढत असे. कोणासाठी, ते एकटीला ठाऊक.

बाबांनी एकदा पत्र्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले, आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सुस्त चाललंय हे! प्रेमात पडल्यासारखं!"

चौथ्या मजल्यावरून मादाम झाबेलने वाकून विचारलं, "कोण पडलं?"

माझ्या हातातला स्पॅनर पायावर पडला.

मार्चमध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. अकरा गाणी. नाव 'दाराशी'. इयादने टोपलीतून पाठवला, कागदात गुंडाळून. मी पाकीट उलटसुलट करून वाचलं. गिटार, इयाद. आवाज, तालार. बेस आणि ड्रम, बँडमधले दोघे सख्खे भाऊ. आणि अगदी तळाला बारीक अक्षरात... 'खालच्या इंजिनाचे आभार.'

इंजिनाचे.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग अल्बमही स्पॅनरच्या पेटीत गेला.

पहिलं परीक्षण एका वेबसाइटवर आलं. दोन दिवस टोपली खाली उतरलीच नाही. तिसऱ्या दिवशी इयाद स्वतः उतरला आणि डिझेलच्या रिकाम्या पिंपावर येऊन बसला. दाढी वाढलेली. फोन पुढे केला. लिहिलं होतं: 'चार तरुणांना आपल्या स्पीकरची घरघर काढता आलेली नाही आणि त्या आळसाला ते कला समजतात. अकरा गाणी ऐकल्यावर वाटतं, आपण फ्रीजमध्ये राहतो.'

"फ्रीजमध्ये!" तो ओरडला. "मला आळशी म्हणतोय!"

"आळशी तर तू आहेसच. मागे तुझा चहाचा कप तीन दिवस टोपलीत होता."

"आर्पी, मस्करी नको. रविवारी वर्तमानपत्रात मादाम सलवा रिझ्क लिहिणार आहेत. त्यांनी पण हेच म्हटलं तर संपलं सगळं. माझा भाऊ दुबईहून रोज फोन करतोय, फरशांच्या कंपनीत जागा आहे म्हणून. मी हो म्हणेन."

"आणि चांगलं लिहिलं तर?"

"तर फ्रान्सहून मार्सेयचे लोक बोलावतील. तीन महिने, वीस कार्यक्रम. त्यांनी कळवलंय... आधी बाईंचा लेख बघू म्हणून."

तो गेला. मी इंजिनापाशी उभी राहिले, माझंच डोकं घरघरत होतं. लेख वाईट आला तर हा दुबईला जाणार. चांगला आला तर मार्सेयला जाणार. मग मी रोज सकाळी चर्चच्या पायरीशी थांबून मागत तरी काय होते? तीन महिने म्हणे! आमच्या गल्लीतून तीन महिन्यांसाठी म्हणून गेलेल्यांच्या टोपल्या अजून गॅलऱ्यांना लटकतायत. पावसात भिजतात, उन्हात वाळतात, कोणी वर ओढत नाही, कोणी खाली सोडत नाही.

तरी मी मागितलं. चांगलाच येऊ दे, म्हटलं. त्याचं गाणं ठेच लागून पडलेलं मला ऐकवत नाही.

रविवारी सकाळी टोपली इतक्या जोरात आली की संत्री उडून गल्लीत घरंगळली. आत वर्तमानपत्र होतं. मी दारातच उभी राहून वाचलं.

'या अल्बममध्ये एक वादक आहे, ज्याचं नाव पाकिटावर नाही. अकरा गाण्यांखाली एकच सूर आहे. काहींना ती घरघर वाटेल. मी तो अल्बम पाच वेळा ऐकला. चौथ्या गाण्यात गायिकेचा श्वास अडखळतो, तिथे तो सूर क्षणभर तिच्यासाठी वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. यंत्राला हे जमत नाही. खाली कोणीतरी उभं आहे आणि ऐकतंय. कोण आहे ते मला माहीत नाही. पण असं ऐकणारं माणूस ज्यांना मिळालं, त्या चौघांचा मला हेवा वाटतो.'

मला आठवलं ते चौथं गाणं. सव्वाचार वाजले होते, गल्लीभर गरम पाणी चाललं होतं, तालारला खोकला झाला होता, आणि माझं बोट स्क्रूवर होतं.

ज्या बाईंना मी कधी पाहिलं नाही, त्यांनी मला पाहिलं होतं.

मंगळवारी रेडिओवर इयादची मुलाखत लागली. क्रिकोरकाकांनी दुकानातला रेडिओ रस्त्याच्या बाजूला करून ठेवला, आपल्या गल्लीचा मुलगा म्हणून. मी कापडाला हात पुसत दुकानाच्या पायरीवर उभी राहिले.

"तो सूर कोणाचा?" मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं.

"अहो, आमच्या गल्लीचं जनरेटर!" इयाद हसत म्हणाला. "फार गुणी इंजिन आहे. त्याच्याइतकी साथ मला आजवर कोणी केली नाही."

"वाहवा!" क्रिकोरकाका म्हणाले. "आर्पी जान, तुझ्या इंजिनाचं नाव झालं की!"

"झालं," मी म्हटलं. "आता त्याचं लग्नही लावून द्या."

मार्सेयचं बोलावणं आलं. शनिवारी निघायचं ठरलं. टोपलीतून चिठ्ठ्या येत होत्या, मी उत्तर देत नव्हते. 'रागावलीस?' 'उंदीर कुठे गेला?' 'आर्पी...' तिसऱ्या चिठ्ठीत नुसतं नाव आणि ते तीन ठिपके. ते तीन ठिपके मी किती वेळ बघत बसले! माणूस अक्षरांपेक्षा ठिपक्यांत जास्त सांगतो. पण मग सांगत का नाही?

आणि मी तरी कुठे सांगत होते?

गुरुवारी गल्लीने घड्याळांचा निकाल लावला. मादाम झाबेलची भाची विद्यापीठात शिकते, तिने सगळ्यांना समजावलं की दोष घड्याळांचा नाही, इंजिनाचा आहे. झाह्ले शहराहून मेकॅनिक आला. त्याने काटा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, काटा पन्नासवर आणला आणि पितळी स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका दिला. आता स्क्रू फिरवला तर रंग फुटेल आणि सगळ्यांना कळेल.

"हा आपोआप सरकत नसतो," तो बाबांच्या कानात ओरडला. "कोणीतरी हात लावलाय!"

बाबांनी पत्र्यावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. माझ्याकडे बघून त्यांनी हळूच एक डोळा मिटला आणि मेकॅनिकला गर्जून सांगितलं, "उंदीर असतील!"

म्हणजे टोपली रिकामी करताना बाबा चिठ्ठ्याही वाचत होते.

शुक्रवारी दुपारी इयाद आला. हातात छोटा रेकॉर्डर. केस कापून घेतले होते, मान उघडी पडली होती, आणि त्या मानेकडे बघून मला उगीच रडू फुटेल असं वाटलं.

"उद्या सकाळी निघायचंय," तो ओरडला.

"माहीत आहे!"

"मार्सेयच्या हॉलमध्ये वीज शुद्ध आहे. घरघरच नाही! परवा इथल्याच एका तशा हॉलमध्ये वाजवून बघितलं, तालारला उभंच राहता येईना. पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखं झालं. म्हणून म्हटलं, इंजिनाचा आवाज रेकॉर्ड करून न्यावा. तीन मिनिटं बोलू नकोस, हं?"

मी ओठ मिटले. एवीतेवी पाच महिने मिटलेलेच होते.

त्याने रेकॉर्डर पिंपावर ठेवला. लाल दिवा लागला. तो डोळे मिटून ऐकायला लागला... आणि हळूहळू त्याच्या कपाळावर आठी आली. डोळे उघडले.

"हा तो सूर नाही."

मी कापड उचलून डिझेलची नळी पुसायला लागले.

"आर्पी, हा पहिल्या दिवसाचा आहे. दोन सुरांच्या मधला! काय झालं याला?" तो इंजिनाभोवती फिरला. धुराच्या नळकांड्यावर हात ठेवला, भाजला, फुंकर घातली. मग मांजराला चुचकारावं तसा वाकून इंजिनाला म्हणाला, "काय झालं रे तुला? ऐंशी दिवस साथ दिलीस ना? एकदा, बाबा... जाताना शेवटचं एकदा. तुझ्याशिवाय माझं कसं होणार?"

इंजिनाला म्हणाला. इंजिनाला!

माझ्या आत काहीतरी तटकन तुटलं. मी हात लांब केला आणि मुख्य दांडा खाली ओढला.

इंजिन दोनदा धापलं, एकदा खोकलं आणि बंद पडलं.

तुम्हाला आमच्या गल्लीतली शांतता माहीत नाही. आम्हालाही नाही. वायरींवरून पाण्याचा एक थेंब पडला, तो ऐकू आला. चर्चवरचं कबुतर घुमलं. आणि मग वरून, एकेका मजल्यावरून, पायऱ्या उतरत आल्यासारखे आवाज आले.

"आर्पी! माझी इस्त्री!"

"अगं, अर्धा केक भट्टीत आहे!"

"आर्पी जान," कुठूनतरी भिंतीतून क्रिकोरकाकांचा आवाज आला, "मी लिफ्टमध्ये आहे!"

"थांबा जरा!" मी वर ओरडले. आणि माझाच आवाज मला केवढा मोठा वाटला. एवढ्या शांततेत ओरडायची गरजच नव्हती. इयाद माझ्यासमोर उभा होता, हाताच्या अंतरावर, आणि पहिल्यांदा मला त्याचा श्वास ऐकू येत होता. घाईतला. जिना चढून आल्यासारखा.

"ते इंजिन ऐकत नाही, इयाद," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"तुझ्या मादाम सलवांना पाच वेळा ऐकून कळलं. तू ऐंशी दिवस डोक्यावर बसून होतास."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग स्क्रूवरच्या लाल ठिपक्याकडे. मग माझ्या उजव्या हाताच्या बोटाकडे. पितळेवर घासून घासून तिथे घट्टा पडलाय. तो मी मुठीत लपवला, पण उशीर झाला होता.

"खुंटी नसते म्हणाली होतीस," तो हळूच म्हणाला.

"खोटं बोलले होते."

"थंडीमुळे म्हणाली होतीस..."

"तेही."

"चौथ्या गाण्यात... तालारला खोकला आला तेव्हा..."

मी मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते, की माझे भरले होते म्हणून तसं दिसलं, कोण जाणे. गॅलऱ्यांतून एकही आवाज येत नव्हता. मादाम झाबेल, न्हावी, तालार, ते दोघे भाऊ, सगळे कठड्यांवर वाकले होते. पिंपावर रेकॉर्डरचा लाल दिवा तसाच जळत होता. लिफ्टमध्ये क्रिकोरकाकासुद्धा श्वास रोखून असणार. बाबा खुर्चीत बसून माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांना काही ऐकू येणार नव्हतं. त्यांना ते केव्हाच कळलं होतं.

"का, आर्पी?" इयादने विचारलं.

लहानपणीचा तो कापसासारखा आवाज माझ्या कानात होता, आणि माझ्या ओठांतून निघाला तो तसाच निघाला. इतका हळू की शेडबाहेर जायला नको होता. पण इंजिन बंद होतं. आख्ख्या गल्लीने ऐकला.

"कारण सबंध गल्लीची घड्याळं मागे पाडली मी, ऐंशी दिवस... इतका आवडतोस तू मला."